टिकली लावलेली पाच घरं

पहिला तडाखा शफीकभाईच्या कानाखाली बसला तेव्हा रूपा तिथून दोनशे पावलांवर आवडाबाईच्या संडासात कडी तपासत होती.

आता शौर्याच्या गोष्टीची सुरुवात अशी नसते हे खरं, पण जे घडलं ते असंच घडलं. कडी जरा ढिली झाली होती. रूपा खिशातल्या चाकूच्या टोकानं तिचा स्क्रू आवळत होती आणि बाहेर ओरडा झाला. तिला वाटलं, साप निघाला. डोंगरातल्या गावात साप निघाला की असंच होतं: आधी एक जण ओरडतो, मग सगळे, मग काठीचा आवाज. काठीचा आवाज आलाही. पण सापावर काठी पडते तेव्हा निम्मी जमिनीवर आपटते, खणखणीत वाजते. ही काठी ओल्या गोणीवर पडावी तशी वाजत होती.

मग तिला ओळखीच्या आवाजात "या अल्ला" ऐकू आलं. ती कडी अर्धवट सोडून धावली.

रूपा संभाजीनगरात पोळीभाजी केंद्र चालवते. सात वर्षांपूर्वी गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालू नका, सायकल चालवा. नवरा म्हणाला, महिनाभराचं खूळ आहे. ते खूळ टिकलं, वर पसरलं. एकीला पाहून दुसरी, असं करत करत अकरा बायका झाल्या. त्यांत दोन शिक्षिका, एक दातांची डॉक्टर आणि एक नुसती सासूला कंटाळलेली. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी या बायकांची मोठी सफर असते. पहाटे शहर सोडायचं, खुलताबादच्या चढावर एकमेकींना शिव्या घालायच्या, आणि मग मोठा रस्ता सोडून आतल्या डोंगरवाटेनं कन्नड गाठायचं.

या आतल्या वाटा शफीकभाईच्या. शहागंजच्या मागं त्याचं सायकलीचं दुकान. वय पंचावन्न, दाढी मेंदीची, बोटं ग्रीसची. तरुणपणी कॅरिअरवर हत्यारांची पेटी बांधून तो या डोंगरातल्या गावोगावच्या बाजारांना जायचा, सायकली दुरुस्त करायला. त्यामुळं कुठल्या सागाच्या रानातून कुठली वाट निघते, कुठल्या बारीत, म्हणजे खिंडीत, चढ मऊ आहे आणि कुठं उतारावर वाळू आहे, हे त्याला तळहातासारखं ठाऊक. त्याचा एक नियम होता. "जिथं आपल्याच चाकाची टिकटिक ऐकू येते ना बाई, वो अपना रस्ता. हॉर्न ऐकला, की समजायचं चुकलो."

सफरीच्या आदल्या दिवशी ही दोघं खुणा करत तो सगळा रस्ता सायकलवर जायची. गाडीवरून खड्डा कळत नाही, असं शफीकभाईचं म्हणणं. त्याच्या हँडलला चुन्याचा डबा, त्यात कुंचा. जिथं फाटा फुटेल तिथं डांबरावर पांढरा बाण. ऑइल पेंट नाही, कारण वनखात्याचा गार्ड कटकट करतो. चुना बरा, पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जातो.

बाण शफीकभाईचे. टिकली मात्र रूपाची.

झालं होतं असं, की तीन वर्षांपूर्वी दातांची डॉक्टरीण चढावर चक्कर येऊन पडली. का, तर बाईनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. पाणी प्यायलं की जायला लागतं, आणि जायचं कुठं? पुरुषाला कुठलाही साग चालतो. बाई जंगलात बसली की दुसरीनं पहारा करायचा, आणि नेमका तेव्हाच कुठून तरी मोटरसायकलवाला उगवतो. रूपा चिडली. दुसऱ्याच आठवड्यात ती रस्त्यावरच्या गावांत दारोदार फिरली. पळसबारी हे बरोब्बर अर्ध्यात लागणारं, साठेक उंबऱ्यांचं गाव. तिथल्या पाच बायका हो म्हणाल्या. त्या पाच घरांच्या फाटकाच्या खांबावर, खाली कोपऱ्यात, गेरूची एक टिकली. तिचा अर्थ अकरा जणींनाच ठाऊक: इथं कडी आहे, पाणी आहे, आणि नाही न म्हणणारी बाई आहे.

अट एकच होती, ती आवडाबाईनं घातली होती. "गड्यांच्या कानावर जाऊ देऊ नका, ताई. कोणाच्या बाया, कोणत्या जातीच्या, घरात घेतल्याच कशा, असं महिनाभर चालंल. तुमी या, बसा, जा. आमी न्हाय पाह्यलं." आणि मग तोंडाला पदर लावून हसली होती. "तसं पाह्यलं तर संडास सरकारचा, पाणी माझ्या डोक्यावरचं. ह्यांना विचारायचं तरी कामून?"

रूपानं शब्द दिला होता, दोन वर्षं पाळलाही होता.

यंदा दसऱ्यापासून डोंगरपट्ट्यात वेगळंच वारं सुटलं होतं. रात्री आभाळात लाल दिवे फिरतात म्हणे, ड्रोन. चोर आधी वरून पाहतात, मग दिवसा येऊन घरांवर खुणा करतात, मग फोडतात. गावोगाव गस्त सुरू झाली होती. विहिरीवरच्या मोटारी, केबली खरंच चोरीला जात होत्या. आवडाबाईच्या मुलाच्या, कृष्णाच्या, अद्रकीच्या शेतातली मोटार चारच दिवसांपूर्वी गेली होती. पाणी तुटून उभी अद्रक पिवळी पडत होती. गस्तीच्या ग्रुपवर कुणीतरी एका खांबाचा फोटो टाकला होता, त्यावर पुसट लाल ठिपका. रूपा अकरा बायकांच्या ग्रुपवर होती. पळसबारीच्या गस्तीच्या ग्रुपवर तिला कोण घेणार? ती आपली मागल्या वर्षीच्या पुसट टिकल्यांवर ताजा गेरू चढवत, दिवसाढवळ्या, गाणं गुणगुणत, पाचही खांब रंगवून आली होती. शेवटचा आवडाबाईचा.

ती पोहोचली तेव्हा तिठ्यावर पंधरा-वीस माणसं होती. रस्त्यावर मका वाळत घातला होता, आणि त्या पिवळ्या पसाऱ्यात शफीकभाई एका कुशीवर पडला होता. चुन्याचा डबा त्याच्यावरच उपडा केलेला. चुन्यानं पांढऱ्या झालेल्या दाढीतून रक्ताची लाल रेघ खाली येत होती आणि गालाला मक्याचे दाणे चिकटले होते. त्याची सायकल दोघं जण दगडानं ठेचत होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हाताला काही तरी मोडायला हवं होतं.

कृष्णा त्याच्या डोक्याशी उभा होता. सव्वीस-सत्तावीसचा, वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करणारा, मोटार गेल्यापासून रजेवर आलेला. हातात शफीकभाईचाच पंप.

"नाव सांग."

"शफीक."

हे नाव ऐकून गर्दी अर्धं पाऊल पुढं सरकली. कुणाला तरी जे हवं होतं ते मिळाल्यासारखी.

"आता कळलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"क्या कळलं?" शफीकभाई कोपरावर उठायला बघत म्हणाला. "चाळीस साल से येतोय मी हितं. तुज्या बापाची सायकल मीच तर—"

पंप त्याच्या तोंडावर बसला. दात तुटल्याचा आवाज रूपाला स्पष्ट ऐकू आला.

"बापाचं नाव काढायचं न्हाय!" कृष्णा किंचाळला. त्याचा बाप जाऊन सहा वर्षं झाली होती.

रूपा गर्दीत घुसली. "अरे सोडा त्याला! माणसं आहात का कोण आहात?"

तिची गुडघ्यापर्यंतची चड्डी, अंगाला बसलेला पिवळा शर्ट, डोक्यावर हेल्मेट. माणसं तिच्याकडं बघतच राहिली.

"ही बी त्यातलीच."

"बाई हाय का बाप्या?"

कुणीतरी मागून हेल्मेट धरून ओढलं. पट्टा गळ्यात रुतला, डोळ्यांपुढं काळं झालं. ती पाठीवर पडली. पट्टा तुटला म्हणून वाचली. उठून बसते तोच एक काठी तिच्या मांडीवर उतरली. इतकं दुखू शकतं हे तिला ठाऊक नव्हतं. दोन बाळंतपणं झालेल्या बाईला ठाऊक नसावं असं काही शिल्लक आहे, याचंच तिला आधी नवल वाटलं आणि मग रडू आलं.

"बाईमाणसावर हात नका टाकू," ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेला पुंजाराम म्हणाला. हा कृष्णाचा चुलता, गस्तीचा पुढारी. अंगावर धुतलेलं धोतर, आवाज देवळात बोलावं तसा शांत. "आधी विचारा. खूण कोणी केली ते विचारा."

कृष्णानं फोन तिच्या नाकासमोर धरला. "ही टिकली कोणी लावली?"

"मी," रूपा म्हणाली.

"मैं लगाया," शफीकभाई त्याच क्षणी म्हणाला. बाई मार खाईल या भीतीनं. "बाईला काय माहीत न्हाई. मीच लावली सगळी."

"म्हंजे दोघं बी," पुंजाराम म्हणाला.

"तो खोटं बोलतोय! मी लावली. मी एकटीनं." रूपाच्या डोळ्यांसमोर तोंडाला पदर लावून हसणारी आवडाबाई होती. दिलेला शब्द होता. "कुणाला न विचारता लावली. आमच्या बायकांसाठी खूण आहे नुसती."

"कसली खूण?"

"पाण्याची."

"पाण्याची खूण संडासाच्या अंगाच्या खांबाला?" एक जण हसला. मग तिघेचौघे हसले. हसण्यानं ती माणसं मऊ होतील असं रूपाला वाटलं. उलट झालं. हसून हात मोकळे झाल्यासारखे दोघांनी शफीकभाईला बगलेत धरून उठवलं आणि रस्त्याच्या कडेला फरफटत नेलं. तिथं किलोमीटरचा दगड होता, डोकं पिवळं रंगवलेला, कन्नडचं अंतर सांगणारा.

"कोणत्या हातानं लावतो खुणा?" कृष्णानं विचारलं.

शफीकभाईला कळलं. सगळ्यांच्या आधी त्याला कळलं. त्यानं उजवा हात पोटाशी धरला आणि डावा आपणहून दगडावर ठेवला. "ये ले. ये ले, बेटा."

"उजवा."

"उजवा नको रे. रोजी है मेरी उसमें."

"माझी बी रोजी व्हती. मोटार व्हती ती माझी." कृष्णाचा आवाज फाटला. चार दिवसांत तो झोपला नव्हता हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. त्यानं शफीकभाईचा उजवा हात ओढून काढला, दगडावर पसरला, आणि दुसऱ्या एकानं मनगटावर पाय दिला. कृष्णानं खाली वाकून दोन्ही हातांत मावेल असा धोंडा उचलला.

रूपानं मागं पाहिलं. आवडाबाई तिच्या फाटकात उभी होती, तिच्याच टिकलीच्या खांबाला धरून.

शब्द पाळायला माणूस धड राहिला तर पाळायचा, असं काहीसं रूपाच्या मनात आलं असेल. नसेलही. ती ओरडली, "तुझ्या आईनं लाव म्हटलं! विचार तिला! तिला विचारूनच लावली!"

धोंडा हवेत थांबला. सगळ्या माना वळल्या.

"माय?" कृष्णा म्हणाला. एवढ्या गोंगाटात तो शब्द लहान पोरासारखा आला.

आवडाबाईच्या ओठांची हालचाल झाली. तिनं पुंजारामकडं पाहिलं, गर्दीतल्या एकेकाकडं पाहिलं. सगळे दीर, पुतणे, भावकी. रोज ज्यांच्यासमोरून डोक्यावरचा पदर सावरत जायचं ती माणसं.

"मी न्हाय वळखत हिला," ती म्हणाली.

धोंडा खाली आला.

शफीकभाई ओरडला नाही. त्याच्या तोंडातून वारा निघून गेल्यासारखा आवाज आला, ट्यूबमधून निघतो तसा. मग तो गुडघ्यांवर बसला आणि आपल्या हाताकडं बघत राहिला. पहिली तीन बोटं बोटांसारखी राहिली नव्हती. दगडाच्या पिवळ्या रंगावरून रक्त ओघळत अंतराच्या आकड्यावर आलं.

रूपाला वेड लागल्यासारखं झालं. "वळखत नाही? मागच्या वर्षी तुझ्या ओट्यावर चहा प्यायलेय मी! तुझ्या संडासाच्या दाराला आतून निळ्या लुगड्याची चिंधी बांधलीय. पत्र्याच्या पेटीवर तुझ्या मालकाचा फोटो आहे, हार घातलेला. मागच्या खोलीत हरभऱ्याची कोठी, तिच्यामागं खिडकीचा गज तुटलाय. सुनेची खोली डाव्या अंगाला. सांगू अजून?"

हे बोलताना तिला वाटत होतं, आता खरं पटेल. गर्दीत शांतता पसरली तेव्हा तिला वाटलं, पटलं.

"बघा," पुंजाराम हळूच म्हणाला. "तुटका गजसुद्धा. सगळं घर पाहून ठेवलंय बाईनं."

आपण काय केलं ते रूपाला तेव्हा कळलं. पुढचा फटका तिच्या खांद्यावर आला, मग पाठीवर, मग कंबरेत लाथ. मक्यात तोंड घालून तिनं डोकं दोन्ही हातांनी झाकलं. दाणे दातांखाली आले. मारणारे दमलेल्या श्वासानं मोजल्यासारखे मारत होते. कुणी शिव्या देत नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. शेतातलं काम चालावं तसं चाललं होतं. आज मी मरणार, तिच्या मनात आलं, आणि उद्यासाठी कणीक मळून ठेवली नाही.

"आता डावा घ्या," पुंजाराम म्हणाला. "चाकाला पुन्हा हातच लावायचा न्हाय ह्यानं."

मारणारे हात थांबले, कारण सगळ्यांना ते बघायचं होतं. रूपानं मान वर केली. शफीकभाईचा डावा हात दगडावर होता. या वेळी कुणी ओढून ठेवायची गरज पडली नव्हती, त्याच्यात त्राणच उरलं नव्हतं. कृष्णा धोंडा घेऊन उभा होता.

आणि मग आवडाबाई आली. धावत नाही. बाजाराला निघावी तशी, पदर डोक्यावरून नीट घेऊन, चपला घालून. गर्दी तिला वाट देत गेली, कारण घरची बाई आहे, आपल्या माणसाला बोलवायला आली असेल. ती दगडापाशी खाली बसली, मांडी घालून, आणि तिनं आपला हात शफीकभाईच्या डाव्या हातावर ठेवला. पंजा उघडा. मनगटात हिरव्या काचेच्या दोन बांगड्या.

"मार," ती म्हणाली.

"माय, ऊठ."

"टिकली माझ्या दाराला हाय ना? मग हात माझा. मी लाव म्हणले. आवंदाबी म्हणले, मागल्या सालीबी. बाया येतात, बसतात, हात धुतात, जातात. मी कडी लावून देते. दोन साल झालं. काय चोरलं त्यांनी? एकीनं उलटी मला गुडघ्याची गोळी आणून दिली."

"कोणाला विचारून?" कृष्णा म्हणाला.

"डोक्यावरल्या हंड्याला."

गर्दीत कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कृष्णाचा चेहरा लालभडक झाला.

"आन् मगाशी न्हाय म्हणली ती?" पुंजारामनं विचारलं.

"भेले, भावजी. तुमाला भेले."

"बघ रे कृष्णा," पुंजाराम ट्रॉलीवरून खाली उतरला. "आपल्या घरातच भोक पडलंय. साऱ्या गावाच्या इज्जतीला चुना लावला तुझ्या मायनं. उभा काय राह्यला? हाणायचं तर हाण, न्हाय तर बांगड्या भर."

कृष्णानं धोंडा टाकून दिला. तो रस्त्यावर पडला, मक्याचे दाणे उडाले. क्षणभर रूपाला वाटलं, संपलं. आणि त्यानं मोकळ्या झालेल्या हातानं आईच्या तोंडात मारली. एक. दुसरी उलट्या हातानं. आवडाबाईचं डोकं त्या दगडावर आपटलं. पदर खाली आला आणि तिचे पिकलेले केस साऱ्या भावकीसमोर उघडे पडले.

तिनं हात मात्र काढला नाही.

मग जे झालं त्याचं नवल रूपाला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. गर्दी पांगली. परक्या माणसाची हाडं मोडणं हे गावकीचं काम होतं, त्याला सगळे थांबले होते. पण पोरानं आईला मारलं म्हणजे घरचं भांडण झालं, आणि दुसऱ्याच्या घरच्या भांडणात उभं राहणं बरं दिसत नाही. कुणी घड्याळ पाहिलं, कुणाला बैल आठवले. सायकल ठेचणाऱ्यानं हातातला दगड गुपचूप गवतात ठेवला. लाज कुणाच्या तोंडावर दिसली नाही. नुसतं अवघडलेपण, लग्नात आगंतुक जेवायला बसल्यासारखं. पुंजारामसुद्धा "घरी चला, घरी चला" असं कुणाला तरी म्हणत निघून गेला. कृष्णा तिथंच उभा राहिला, आपल्या हाताकडं बघत. मग तोही वळून अद्रकीच्या शेताकडं चालू लागला. आधी चालला, मग पळाला.

टिकलीची बाकी चार घरं त्या तिठ्यावरून दिसत होती. तीन घरांची दारं आतून लागली. त्यातल्या एका दारातून आधी एक हात बाहेर आला, ओल्या फडक्यानं त्यानं खांबावरची टिकली पुसली, मग दार लागलं. चौथ्या घरातून एक म्हातारी तांब्याभर पाणी घेऊन आली. शफीकभाईच्या तोंडातलं रक्त तिनं आपल्या लुगड्याच्या पदरानं पुसलं.

जीप मिळायला अर्धा तास गेला. शफीकभाईला उचलायला चार माणसं पुढं आली. ज्यानं रूपाच्या मांडीवर काठी घातली होती तोच त्यांतला एक. "डोकं सांभाळा, डोकं," असं तो इतरांना सांगत होता, अगदी काळजीनं.

रूपानं आवडाबाईचा दंड धरला. "चल माझ्यासोबत."

"कुठं येऊ? भाकरी टाकायच्या हायेत," आवडाबाई म्हणाली. तिचा एक डोळा मिटत आला होता.

कन्नडच्या सरकारी दवाखान्यात शफीकभाईच्या हाताचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होता, फोटो उजेडात धरून म्हणाला, तीन बोटांचा चुरा आहे, इथं होणार नाही, शहरात न्यावं लागेल, एखादं बोट कदाचित राहील. रूपाची एक बरगडी तडकली होती. श्वास घेतला की आत कुणी टाचणी टोचत होतं. तिनं अकरा जणींना कळवलं, उद्या कुणी निघू नका. कारण लिहिलं नाही, लिहिताच येईना.

हवालदार आला. पन्नाशीचा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला, बोलायला वाईट नव्हता.

"पंधरा-वीस जण म्हणता. गर्दीला नाव नसतं, बाई. मुख्य कोण?"

रूपाच्या ओठांवर कृष्णाचं नाव आलं, पण त्यामागोमाग आवडाबाईचंही येणार होतं.

"आणि उद्या ते म्हणणार, ही माणसं घरांवर खुणा करत होती. त्यांच्याकडं फोटो आहे. घरातल्या कुणाच्या परवानगीनं केल्या, असं सांगणारं कुणी आहे का?"

"बाई," शफीकभाई खाटेवरून म्हणाला. सुजलेल्या तोंडातून शब्द गळत होते. "उसका नाम नको. तिला उधरच ऱ्हायचं हाय."

"आणि तुमचा हात?"

"हात मेरा है. मैं देखता."

"काय देखता? पाना धरता येणार नाही उद्यापासून!" रूपा ओरडली, आणि बरगडीनं तिला गप्प केलं. एकदा तिनं त्या बाईचं नाव साऱ्या गावात उघडं पाडलं होतं. आता पुन्हा, कागदावर? आणि नाही पाडलं तर या माणसाच्या तीन बोटांचं कुणीच काही देणं लागत नाही, असं होणार होतं. हवालदारानं पेनाचं टोपण लावलं. "विचार करा. मी तासाभरात येतो."

चार वाजता रुग्णवाहिका आली. शफीकभाईला आत घेत होते तेव्हा फाटकाशी एक वडाप जीप थांबली आणि तिच्यातून आवडाबाई उतरली. एकटी. डावा गाल कणसासारखा सुजलेला, कपाळावर दगडाचा वण, पदर डोक्यावर नीट. ती थेट रुग्णवाहिकेशी गेली, तिनं शफीकभाईच्या बांधलेल्या हाताकडं पाहिलं. गाडी गेल्यावर रूपाशेजारी बाकावर येऊन बसली.

"कुणी येऊ दिलं?" रूपानं विचारलं.

"कोणी न्हाय. भाकरी टाकल्या, झाकून ठेवल्या, आन् निघाले."

"आणि कृष्णा?"

"शेतात बसलाय. बोलत न्हाय. जेवायला हाक मारली, आला न्हाय." ती आपल्या तळहाताकडं बघत राहिली. "ताई, मी वळखत न्हाय म्हणले ना, तवा दगड पडला. व्हय म्हणले असते तर पडला नसता. तो माझ्या वाटणीचा. पण बाकीचा त्याचा हाय. तो कोणीतरी त्याच्या पदरात घालाया पाह्यजे. न्हाय तर उद्या सुनेवर हात उचलंल, परवा आनखी कोणावर, आन् पुंजारामभावजी म्हणतील, शाब्बास."

हवालदार परत आला. बाईचा गाल पाहून त्याला काही विचारावं लागलं नाही. त्यानं खुर्ची ओढली, कागद मांडला. आवडाबाईनं सगळं सांगितलं. टिकली, कडी, दोन सालं, धोंडा. स्वतः खोटं बोलली तेही सांगितलं, न विचारता.

"आजी, तुमच्या सख्ख्या पोरावर गुन्हा दाखल होईल. नंतर मागं घेते म्हणाल तर जमायचं नाही. कळतंय ना?"

"व्हय."

"आरोपीचं नाव?"

"कृष्णा." आडनावही तिनं लगेच सांगितलं.

"मधलं? वडलांचं नाव?"

आवडाबाई थांबली. रूपाला आधी वाटलं, आता ही मागं फिरणार. मग तिच्या ध्यानात आलं. या बाईनं आपल्या आयुष्यात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, मतदानाला, दरवेळी शेजारचं कुणीतरी तिच्या वतीनं सांगायचं. तो गेल्यावरही तिनं घेतलं नव्हतं. आणि इथं शेजारी रूपा होती, जिनं हार घातलेला फोटो पाहिला होता, पण नाव कधी विचारलं नव्हतं.

"लिहून दिलं तरी चालेल," हवालदार खाली बघत म्हणाला. त्यालाही कळलं होतं. त्याच्याही घरी आई असणार.

"लिव्हता येत न्हाय."

बाहेर ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू आला. आवडाबाईनं सुजलेल्या गालावरून पदर मागं सारला.

"काकासाहेब," ती म्हणाली. आणि हवालदारानं नीट ऐकलं नसेल असं वाटून, पुन्हा एकदा, मोठ्यानं, "कृष्णा काकासाहेब. लिव्हा."